एकटीचा माग

आई पहिल्यांदा हरवली तेव्हा दोन तासांनी सापडली, दुसऱ्यांदा हरवली तेव्हा सहा तासांनी. ताईने यावरून गणित मांडलं, की तिसऱ्या वेळी अठरा. ताई शाळेत मुख्याध्यापिका आहे. घरी ती त्याहून वरच्या पदावर आहे. तिने पर्समधून एक छापील अर्ज काढून टेबलावर ठेवला. शहराबाहेर वृद्धांसाठी एक निवास होता. तिथली बाग, तिथले डॉक्टर, दर आठवड्याचा गाण्याचा कार्यक्रम, असं ताईने बरंच सांगितलं. पण तिचा जीव गुंतला होता तो तिथल्या फाटकात.

"तीन महिन्यांनी तिथे एक खोली रिकामी होतेय," ती म्हणाली.

"कशी काय?" बायकोने विचारलं.

ताईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. बायकोने पुढे विचारलं नाही.

आई समोरच बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होती. "कोण जातंय?" तिने विचारलं.

"कोणी नाही, आई," आम्ही तिघं एकदम म्हणालो. आमच्या घरात एकमत होण्याचे प्रसंग फार थोडे.

मग मी म्हणालो, "चौकशी शोधेल तिला."

चौकशी ही आमची कुत्री. तपकिरी, रस्त्यावरची, एक कान उभा आणि दुसरा विचारात पडलेला. कुणाच्याही पिशवीत, चपलेत, भांडणात नाक घालायची, म्हणून हे नाव. दुसऱ्या वेळी आई गेली तेव्हा घरात दुसरं कोणी नसल्यामुळे मी चौकशीला बरोबर घेऊन आईला शोधत फिरत होतो. चौकात ती जीव खाऊन डावीकडे ओढत होती. मी तिला ओरडून उजवीकडे नेलं. आई सहा तासांनी डावीकडे सापडली. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, आताही सांगितली नाही. मी सरकारी तक्रार विभागात काम करतो. काय नोंदवायचं नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

ताईने तेवढंच ऐकून घेतलं. "बाळ्या," ती म्हणाली (मी एक्कावन्न वर्षांचा आहे), "तुला स्वतःला सरळ चालता येत नाही. तू कुत्री घेऊन आईला शोधणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. माझ्या आतल्या कानात काहीतरी बिघाड आहे. महिन्यातून दोनतीनदा जग माझ्याभोवती फिरतं आणि मी जवळचा खांब धरून ते थांबायची वाट पाहतो. त्यापायीच मी लांब रजेवर होतो. तरी ताईने तीन महिने दिले. "नव्वद दिवसांनी मी स्वतः आईला घेऊन कुठेतरी जाईन. कुठे ते सांगणार नाही. कुत्रीने शोधलं तर आई इथे राहील. नाही शोधलं तर हा अर्ज." तिने अर्ज पुन्हा पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. पुढचे तीन महिने ती चेन मला झोपेत ऐकू यायची.

शिकवायला मास्तर मिळाले. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. त्यांना आयुष्यभर कुत्र्यांची ॲलर्जी होती, त्यामुळे सगळं शिक्षण शिंकांच्या मधल्या फटीत चालायचं. त्यांनी पहिल्या दिवशी तासभर समजावून सांगितलं. शेतातला माग काढणं सोपं, तिथे गवत मोडतं, माती दबते. शहरात डांबर आणि फरशी. वास टिकत नाही, गाड्या तो उडवून नेतात. मग तो भिंतीच्या तळाशी, गटाराच्या कडेला, पायऱ्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. कुत्रं रस्त्याच्या मधून न जाता कडेकडेने चाललं, तर ते काम करतंय असं समजायचं. हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, चढवला की काम, काढला की सुट्टी. आधी त्या माणसाचा मोजा हुंगायला द्यायचा. दोरी लांब ठेवायची आणि तोंड बंद ठेवायचं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," मास्तर शिंकून म्हणाले, "ज्याला शोधायचं तो माणूस एकटा चालला पाहिजे."

मी आणि बायको, दोघांनीही माना डोलावल्या.

बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळची पाळी संपवून ती दुपारी घरी यायची आणि कामाला लागायची. आईचा मोजा ती हातमोजे घालून चिमट्याने उचलायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायची आणि वर चिठ्ठी लावायची: नाव, वय, तारीख, वेळ. एकदा सवयीने तिने "उपाशीपोटी" असंही लिहिलं होतं. मोज्याला माझा वास लागू नये म्हणून तिने मला तीन महिने कपड्यांच्या कपाटापाशी फिरकू दिलं नाही. इतकी काटेकोर बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

चार वाजता आई आणि ती निघायच्या. वीस मिनिटांनी मी आणि चौकशी.

पहिले पंधरा दिवस झकास गेले. मग तब्येतींनी कामकाज हातात घेतलं. आधी चौकशीला खोकला झाला, नाक गळायला लागलं. नाक गळणारी माग काढणारी कुत्री म्हणजे दाढदुखीने हैराण झालेला दातांचा डॉक्टर. दहा दिवस गेले. ती बरी झाली त्या दिवशी मला चक्कर आली आणि मी तिला दोन आठवडे पलंगावरून प्रशिक्षण दिलं, म्हणजे ती माझ्या पायाशी झोपली आणि मी छताकडे पाहिलं. मी उठलो, तर तिच्या पंजात काच शिरली. चार टाके, गळ्यात मोठं प्लॅस्टिकचं नरसाळं. ते घालून ती घरभर दारांना आदळत फिरायची आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे असं पाहायची, जणू ती फिर्यादी आणि मी कर्मचारी. त्यात मास्तर हर्नियाच्या ऑपरेशनला गेले आणि फोनवरून शिकवू लागले.

"सांगितल्याप्रमाणे चाललंय ना सगळं?"

"अगदी तसंच," मी म्हणायचो.

स्वयंपाकघरात गोळ्यांचे तीन डबे होते. आईला दिवसातून चार वेळा, मला तीन वेळा, कुत्रीला दोन वेळा. घरात धडधाकट अशी एकटी बायको; तिलाच बसायला फुरसत नव्हती.

तरी शेवटच्या तीन आठवड्यांत चौकशीने कमाल केली. बाजारातून, शाळा सुटायच्या वेळी, एकदा तर पाऊस पडून गेल्यावर. कडेकडेने नाक लावून जायची, वळणावर थबकायची, हवेत एकदा विचारून घ्यायची आणि निघायची. शेवटी त्या दोघींसमोर बसून पंजा वर करायची. बायको तिला खिशातून सुका मासा द्यायची. आई टाळ्या वाजवायची. मी रात्रीचं नीट झोपायला लागलो होतो. तिथेच मला संशय यायला हवा होता.

नव्वदावा दिवस रविवार होता. ताई आली, आईचा हात धरून बाहेर पडली. अर्ध्या तासाने तिचा फोन आला: "सोड."

मी इमारतीच्या दाराशी चौकशीला हार्नेस चढवला, मोजा दिला. तिने खोल श्वास घेतला. रस्त्याकडे पाहिलं, पायरी हुंगली, आणि गर्रकन वळली. मला ओढत दोन जिने चढली. डोक्याने आमचं दार ढकललं, बैठकीतून आत गेली आणि स्वयंपाकघरात बायकोसमोर बसून तिने पंजा वर केला.

बायको कांदा चिरत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कांद्याचं होतं, म्हणून मी सुरुवातीला तिच्याकडे पाहू शकलो.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "ही मला शोधत होती. तीन महिने."

चौकशी शेपटी हलवत माशाची वाट पाहत होती. तिचं काम चोख झालं होतं.

मी मास्तरांना फोन लावला.

"आईबरोबर कोण चालायचं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. एकटी चालायची. एकटी म्हणजे, आई आणि ही."

फोनवर शिंक.

"बक्षीस कोणाच्या खिशात?"

"हिच्या. आईकडे दिलं तर ती स्वतः खाते."

"मग कुत्री हुशार आहे," मास्तर म्हणाले. "मोजा ही नुसती शिट्टी झाली. शिट्टी वाजली की सूनबाईंना शोधायचं. तुम्ही जे शिकवलंत ते तिने शिकून घेतलं."

"पण आईला एकटीला कसं सोडणार?"

"साहेब, हरवलेला माणूस एकटाच असतो."

आता हे लिहिताना सोपं वाटतं. पण ती दोनदा निसटली ते वगळता दीड वर्षात आईला आम्ही एकटीला असं सोडलंच नव्हतं. बाथरूमच्या दाराशीही कोणीतरी उभं असायचं. चालताना तिचा हात आपोआप कोणाच्या तरी हातात जायचा, जशी छत्री घराबाहेर पडताना काखेत जाते. मास्तरांनी "एकटा" म्हटलं तेव्हा आम्ही प्रामाणिकपणे ऐकलं होतं. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थच दोन माणसं असा होऊन बसला होता.

ताई तासाभराने आईला घेऊन परत आली. बागेतल्या बाकावर बसून त्यांनी वाट पाहिली होती. ताई रागावली नाही. त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"पुढच्या सोमवारी," ती म्हणाली. "सकाळी दहाला मी गाडी घेऊन येते. कपडे कमी भरा, तिथे कपाट लहान आहे."

म्हणजे आठ दिवस. आम्ही दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. एक छोटा डबा, त्यात मासा, डबा आईच्या पिशवीत, पिशवीला बायकोने मारलेली गाठ; ती मला सुटत नाही, आईला काय सुटणार. आधी फक्त जिन्यात. आईने एकटीने एक मजला उतरायचा. बायको वर कठडा धरून उभी, ओठ मिटलेले, जणू आई नव्हे तर तिचंच लेकरू पहिल्यांदा चालत होतं. मग इमारतीमागच्या मोकळ्या जागेत. पहिल्या दिवशी चौकशी तीनदा बायकोकडे गेली. बायकोने तिच्याकडे पाठ फिरवली. कुत्रीच्या चेहऱ्यावरचा तो गोंधळ पाहवत नव्हता. मला आमच्या विभागात येणारे नागरिक आठवले. चौथ्या दिवशी ती बायकोजवळून निघून सरळ आईपाशी गेली, पिशवीला नाक लावलं आणि पंजा वर केला. आईने तो हातात घेऊन हलवला. "नमस्कार," ती म्हणाली.

पण जिना म्हणजे शहर नव्हे. शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही दार उघडलं.

योजना साधी होती. आई आमच्या गल्लीतून एकटी वळणावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जाईल. मी समोरच्या फुटपाथवर, किल्लीवाल्याच्या टपरीपाशी आधीच जाऊन उभा राहीन आणि नजर ठेवीन. वीस मिनिटांनी बायको चौकशीला घेऊन निघेल.

आईने बूट घातले, पिशवी घेतली. दारात तिने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. कोणी तो धरला नाही. तिने हाताकडे पाहिलं, मग तो खिशात घातला.

मी टपरीपाशी पोचलो तेव्हा ती इमारतीच्या दारातून बाहेर येत होती. भिंतीच्या कडेने, सावकाश, कुठलीही घाई नसलेल्या माणसासारखी. न्हाव्याच्या दुकानाशी थांबली, काचेत स्वतःला पाहिलं, केस सारखे केले. मला वाटलं, जमतंय. आणि त्याच क्षणी समोरची इमारत हळूच एका बाजूला सरकली.

मी टपरीचा खांब धरला. खांबही फिरत होता. मी खाली बसलो, मग आडवा झालो. चक्कर येते तेव्हा डोळे उघडे ठेवले तर जग फिरतं आणि मिटले तर आपण फिरतो. निवड एवढीच असते. मी आईसाठी डोळे उघडे ठेवले. रस्त्यावर शंभर आया फिरत होत्या. मग एकही नव्हती.

"भर दुपारी?" जाणाऱ्या एका बाईने दुसरीला म्हटलं. "कपडे तर चांगले आहेत."

किल्लीवाला खाली वाकला. आमच्या दाराला आतून दुसरं कुलूप त्यानेच बसवलं होतं. "काय झालं? कुलूप बिघडलं का?"

"नाही," मी म्हणालो. "उघडलं."

त्याने माझ्या खिशातून फोन काढून दिला. चार वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"ती गेली," मी बायकोला म्हणालो. "दुकानाच्या पुढे गेली. मला दिसत नाही. मी पडलोय."

"कुठे लागलं?"

"मला सोड. कुत्रीला आण."

"वीस मिनिटं झाली नाहीत."

"ही परीक्षा नाहीये!"

किल्लीवाल्याने मला टपरीच्या फळीला टेकवून बसवलं. बायको आणि चौकशी गल्लीतून येताना मला दिसली. चौकशी नाक खाली लावून भिंतीच्या कडेने येत होती. न्हाव्याच्या काचेशी थांबली. बरोबर. पुढे दुकानापर्यंत गेली. तिथे घुटमळली, आणि एकदम रस्ता ओलांडून माझ्या दिशेने यायला लागली.

मी दहाएक मिनिटं आधी याच रस्त्याने चाललो होतो. ती माझा माग काढत होती. बायको नाही तर नवरा. काम तेच, बक्षीस तेच. ती आता समोर येऊन बसणार, पंजा वर करणार, आणि आई कुठेतरी चालतच राहणार.

ती आली. माझा बूट हुंगला. गुडघा हुंगला. आयुष्यात मी पहिल्यांदा एखाद्या जिवाने मला ओळखू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडले. तिने वर पाहिलं, शेपटी एकदाच हलवली, ऑफिसात वाटेत भेटलेल्या सहकाऱ्याला पाहून मान हलवतात तेवढी, आणि मला ओलांडून फळीच्या मागच्या बाजूने निघून गेली. आई माझ्या पाठीमागून, हातभर अंतरावरून गेली होती.

इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

"फोन चालू ठेव," मी बायकोला ओरडलो.

पुढचा माग मी फोनवरून ऐकला. बायको प्रयोगशाळेत अहवाल सांगते तशी सांगत होती, सपाट आवाजात. पण दोन शब्दांच्या मध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. "डावीकडे. गटाराची कडा. थांबली. गाड्या आहेत. नाक वर. परत मागे येतेय. अहो, ही हरवली."

"बोलू नकोस तिच्याशी. दोरी सैल."

"सैलच आहे." मग बराच वेळ नुसते हॉर्न. "भिंतीकडे गेली. हां. मिळालं. जोरात ओढतेय. पायऱ्या आहेत. पोस्ट ऑफिस."

"आत जा."

"कुत्र्यांना मनाई आहे, पाटी लावलीय."

"अगं!"

"गेले," बायको म्हणाली. मग कोणीतरी आरडाओरडा केला, खुर्ची सरकली, आणि सगळं शांत झालं.

"पंजा वर केला," बायको म्हणाली.

आई तिसऱ्या रांगेत बसली होती. आयुष्यभर तिने टेलिफोन खात्यात लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. तिथेही अशाच लाकडी खिडक्या होत्या. तिच्या हातात टोकन होतं, एक्केचाळीस. खिडकीवर अडतीस चालू होता. फोनवर तिचा आवाज आला: "थोडं थांबा. तीनच नंबर राहिलेत."

ते तीन नंबर होईपर्यंत ती उठली नाही. बायकोही मग शेजारी बसून राहिली.

ताईला मी त्याच संध्याकाळी बोलावलं. नुसतं "कुत्रीने शोधलं" एवढंच सांगता आलं असतं. पण मी सगळं सांगितलं, दुसऱ्या वेळच्या डावीकडच्या चौकासकट. बहुधा चक्कर अजून पुरती उतरली नव्हती.

ताईने ऐकून घेतलं. "कुत्रीने शोधली, मान्य," ती म्हणाली. "हरवली कोणी?"

आमच्या विभागात असता तर मी हा प्रश्न पुढे पाठवला असता.

"आज मी पोस्टात गेले होते," आई मध्येच म्हणाली. ती सकाळी काय खाल्लं ते विसरते, त्यामुळे आम्ही तिघंही थबकलो. "एकटी गेले. कोणी माझा हात धरला नाही." तिने दोन्ही हात उघडून ताईला दाखवले, पुढून आणि मागून, शाळेत नखं दाखवतात तसे. "किती दिवसांनी!"

ताईने ते हात धरायला स्वतःचे हात पुढे केले, आणि अर्ध्यावर थांबवले. मग ती उठून गॅलरीत गेली. ती फोनवर बोलत होती ते आम्हाला ऐकू येत होतं, कारण मुख्याध्यापिकांना हळू बोलता येत नाही. "खोली कधीपर्यंत धरून ठेवाल? पंधरा दिवस? बरं. नाही, अर्ज माझ्याकडेच आहे."

आत येऊन ती म्हणाली, "पंधरा दिवस. रोज चार वाजता. पण वळणावर तू उभा राहायचं नाही. मी राहणार. मला चक्कर येत नाही."

"शाळा?" मी विचारलं.

"शाळा माझ्यावाचून चालते," ताई म्हणाली. हे वाक्य तिने जन्मात पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण नंतर ती स्वतःच जरा हादरून बसली.

आज सहावा दिवस. चौकशीच्या पंजातला टाक्याचा व्रण लाल झालाय, डॉक्टर म्हणतात दोन दिवस बघा. माझा उजवा कान सकाळपासून वाजतोय. ताई पावणेचारलाच जाऊन किल्लीवाल्याकडे उभी राहिली आहे. त्याचे हिशेबाचे कागद नीट लावून देत असेल.

आई बूट घालून दारात आली. बायकोने पिशवीची गाठ तपासली आणि दार उघडलं. आईने हात पुढे केला नाही.

"मी हरवायला निघाले," ती आम्हाला म्हणाली. "तुम्ही सावकाश या."

पावलं जिन्यावरून खाली गेली. पहिला मजला. थोडी थांबली. तळमजला. चौकशी हार्नेस घालून दाराच्या फटीला नाक लावून बसली आहे, अंगातून एक बारीक थरथर सारखी जातेय तिच्या. बायकोने मोज्याची पिशवी दोन्ही हातांनी धरली आहे. मी घड्याळ पाहतो.

चार वाजून एक मिनिट.